तीनची किटली

पश्चिम किनारा, किंग आयलंड
३ जून २०१९

ब्रॉन,

तुझ्या नळ्या पोचल्या. चाळीस वर्षं मी पोरांवर "थुंकू नका" म्हणून ओरडत आले, आणि आता सख्खी भाची टपालाने थुंकी मागवते आहे. तुझी आई म्हणाली, "मी दिली, तूही दे, पोरीच्या कामाचा प्रश्न आहे." म्हटलं, घे बाई. माझ्या लॉकलननेही त्याची नळी भरली. दोन्ही सोबत पाठवते आहे. निकाल कळवावा या रकान्यात मी खूण केली आहे, तेव्हा कळव. लपवाछपवी मला खपत नाही.

फोन मात्र करू नकोस. उजवा कान गेलाच, डाव्यात नुसता समुद्र वाजतो. पत्र बरं, दोनदा वाचता येतं.

तू ब्रिस्बेनला बसून फळमाश्यांची झोप मोजतेस हे मी इथे कोणाला सांगत नाही, लोक आधीच हसतात. पण आपली झोप का मोजायची आहे ते कळतं. माझे आजोबा चार तास झोपत, आई चार, मी आणि नेल चार. बेटावर आडनाव नवऱ्याचं लागतं, पण झोप माहेरच्या ट्रेगरांची. अकराला आडवं व्हायचं, तीनला किटलीची शिट्टी झाली की घर उभं. वादळानंतर किनाऱ्यावर केल्पचे, त्या पट्ट्यासारख्या जाड शेवाळाचे ढीग येऊन पडतात, ते उचलायला बाकीचे लोक शेवाळात पाय घालतात पाच वाजता. तोवर आपला ट्रक भरलेला असतो. शेडच्या दारावर खडूने पहिलं नाव कोणाचं, यावर अजूनही भांडणं होतात. खाण तशी माती. तूच एक अशी, नेलच्या पोटी उशी घेऊन जन्माला आलीस.

आता आनंदाची गोष्ट. आमची मेव्ह, लॉकलनची पोर, पक्की ट्रेगर निघाली. महिनाभर रोज पहिलं नाव तिचं. मी किटली ठेवायला येते तर ही बया बूट घालून पायरीवर बसलेली! १७ ऑगस्टला तिला दहा पुरी होतील. घरच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी केल्प दोराने ट्रकवर ओढणाऱ्या विंचचा दांडा तिच्या हातात. तिच्या आईने, सिमोनने तोंड वाकडं केलं, पण ती मेलबर्नची, कानात बोळे घालून सातपर्यंत झोपणारी. तिला काय कळणार.

शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली होती, मेव्ह बोलता बोलता मध्येच थांबते म्हणे, शब्द हरवतो. स्वप्नाळू आहे, दुसरं काय. परवा हातातून कप पडला. कप पडतातच.

तुझ्या माश्यांना माझा रामराम सांग.

डॉरी मावशी

*

ब्रिस्बेन
१३ जून २०१९

प्रिय डॉरी मावशी,

नळ्या सुखरूप पोचल्या. माश्यांना निरोप सांगितला, त्या तेव्हा झोपल्या होत्या. खरंच झोपतात गं. बोटाएवढ्या काचेच्या नळीत एक एक माशी, एका टोकाला खाऊ, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, आणि मधून न दिसणाऱ्या प्रकाशाची एक रेघ. माशी रेघ ओलांडते तशी नोंद होते. पाच मिनिटं हलली नाही तर झोपली असं धरायचं. तुझ्या घरात मला पाच मिनिटंसुद्धा कोणी दिली नव्हती, ते आठवून हसू येतं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. दिवसभर आपण जे पाहतो, शिकतो, त्याने मेंदूतल्या पेशींमधले धागे जाड होत जातात. झोपेत ते पुन्हा बारीक होतात, निदान आमच्यापैकी बऱ्याच जणांना तसं वाटतं. तुझ्या भाषेत सांगायचं तर मेंदू दिवसभर रॅकवर ओला केल्प टांगत राहतो आणि रात्री वाळलेला उतरवून ठेवतो. उतरवला नाही तर नवा टांगायला जागा उरत नाही, आणि एक दिवस रॅकच वाकतो. आईच्या नळीत आम्हाला एका जनुकात छोटासा बदल सापडला. तोच बदल माश्यांत घातला, तर त्या निम्म्याच झोपतात आणि तरी ठणठणीत राहतात. म्हणजे ट्रेगर माणसं चार तासांत रॅक रिकामा करत असावीत. बाकीच्या जगाला आठ लागतात. तुझ्या नळीत तोच बदल सापडला की आमची साखळी पुरी होईल. पाच वर्षं मी याच्या मागे आहे.

मावशी, मेव्हचं मात्र मला बरं वाटलं नाही. शब्द हरवणं, हातातून वस्तू पडणं, मध्येच थांबणं. किती वेळ थांबते? डोळे उघडे असतात का? नुसतं "स्वप्नाळू" म्हणून सोडू नकोस.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. लहानपणी उन्हाळ्यात तुझ्याकडे राहायला यायचे, तेव्हा मला जाग येत नसे. मग मी चादरीखाली, पाठीच्या जागी शिंपले पसरून झोपायचे. टोचत राहायचे, त्यामुळे गाढ झोप लागत नसे, आणि शिट्टीआधी उठता यायचं. तेरा दिवस माझं नाव पहिलं होतं दारावर. चौदाव्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे.

दहा वर्षांच्या मुलीच्या हाती दांडा देऊ नका. निदान यंदा नको.

तुझी,
ब्रॉन

*

पश्चिम किनारा, किंग आयलंड
२५ जून २०१९

ब्रॉन,

चौदाव्या दिवसाचं तू काढलंस म्हणून बोलते, नाहीतर पंचवीस वर्षं मी तोंड उघडलं नाही. तू विंचवर डुलकी घेतलीस आणि माझ्या नवऱ्याची दोन बोटं दोरात गेली. कीथ कधी तुला बोलला नाही, तो त्याचा मोठेपणा. तो गेला त्यालाही सहा वर्षं झाली. पण तुझ्या झोपेवरून आमच्या पोरीची किंमत करू नकोस. ती तू नव्हेस.

लॉकलनला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, "माश्या मारणाऱ्या बाईने आम्हाला विंच शिकवू नये." मी त्याला दटावलं, पण हसूही आलं. त्याला म्हटलं, ती मारत नाही, झोपवते. तर म्हणतो, "तेच तर तिला येतं."

मेव्ह ठीक आहे. थांबते ती चार-पाच श्वास. डोळे उघडेच असतात, पापणी तेवढी फडफडते. मग विचारते, "आजी, काय म्हणालीस?" मीही विचारते दिवसातून दहादा, पण मी एकाहत्तरची आहे आणि बहिरी आहे.

तुझ्या माश्यांचा खाऊ आपल्याच शेवाळाचा असतो असं टपालवाला सांगत होता. खरं का?

आणि एक विचारायचं होतं. सहज. समजा एखाद्याच्या नळीत तुझा तो बदल निघाला नाही. तर त्याचा अर्थ नेमका काय? तो माणूस जागा राहूच शकत नाही, की राहतो पण आतून खराब होत जातो? माझ्यासाठी नाही विचारत. मला काय धाड भरली आहे. निकाल कधी येतो?

डॉरी मावशी

*

ब्रिस्बेन
१० जुलै २०१९

प्रिय मावशी,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

लॉकलनच्या नळीत बदल आहे, आईच्या आहेच. तुझ्या नळीत नाही. आम्ही दोनदा तपासलं. मग मी बरोबरच्या मुलीला कारण न सांगता तिसऱ्यांदा तपासायला लावलं. नाही.

तू म्हणशील, मग काय बिघडलं? मावशी, सगळंच बिघडलं. चार तास झोपणाऱ्यांत तू सगळ्यात खणखणीत. तुझ्यात तो बदल नसेल आणि तरी तू एकाहत्तराव्या वर्षी चार तासांवर ट्रक भरत असशील, तर आपल्या घराच्या झोपेचं कारण तो बदल नव्हेच. आणि लॉकलनला तो आला कुठून? कीथकाकांकडून? ते तर जेवता जेवता काट्यावर मान टाकायचे, मला आठवतंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाच वर्षांच्या माश्या, हजारो नळ्या, आमच्या सरांनी भरवशावर दिलेली जागा. कालपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. झोपेवर काम करणाऱ्या बाईच्या झोपेचं खोबरं झालंय, हसून घे.

नळ्यांची अदलाबदल झाली का? तिथे पाकिटात घालताना? आठवून सांग, पाया पडते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बदल नसलेला माणूस जागा राहू शकतो. माशीही राहते, आम्ही नळ्या हलवत ठेवतो. पहिले काही दिवस कळतही नाही. मग ती शिकलेलं विसरायला लागते, चालता चालता थबकते. धागे जाड होत राहतात, मेंदूत चेतवणारं आणि आवरणारं यांचा तोल जातो. कोवळ्या माशीत हे लवकर होतं. पण तुझं तसं काही नाही, तू तर दगड आहेस.

मेव्हची पापणी फडफडते हे तू इतकं सहज लिहिलंस. तिला डॉक्टरकडे ने. या आठवड्यात ने.

तुझी,
ब्रॉन

ता. क. माश्यांच्या खाण्यातला जेली करणारा पदार्थ शेवाळाचाच असतो, पण दुसऱ्या जातीच्या. टपालवाल्याला सांग, अर्धा बरोबर.

*

ब्रिस्बेन
२४ जुलै २०१९

मावशी,

दोन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. आईला विचारलं तर म्हणते, "डॉरी माझ्याशीही बोलत नाही, तुम्ही काय केलंत?"

मी निकाल फार रूक्षपणे लिहिला का? तू ट्रेगर नाहीस असा त्याचा अर्थ नाही गं. रागावली असशील तर रागाचं पत्र लिही. चार शिव्या घाल. पण लिही. बातम्यांत पाहिलं, पश्चिमेकडून तिकडे वादळामागून वादळ येतं आहे. म्हणजे किनारा भरला असेल, आणि तुम्ही सगळे रोज तीनला बाहेर. मेव्हही असेल. मला सारखा तो दोर दिसतो.

डॉक्टरकडे नेलंत का? एवढंच कळव. एका ओळीत कळव.

ब्रॉन

*

पश्चिम किनारा, किंग आयलंड
२७ जुलै २०१९

ब्रॉन,

दोन्ही पत्रं पोचली. पहिलं दहा दिवस खिशात घेऊन फिरते आहे.

ती थुंकी माझी नव्हती. मेव्हची होती.

नळ्यांबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, मुलं नकोत, फक्त मोठी माणसं. आणि मला तर पोरीचंच कळून घ्यायचं होतं. वरवर मी सगळ्यांना सांगत होते, पक्की ट्रेगर, पक्की ट्रेगर. पण तो कप पडला तेव्हा तिने कपाकडे पाहिलंसुद्धा नाही, ब्रॉन. ती हात तसाच धरून उभी होती, कप हातात असल्यासारखा. म्हटलं, ब्रॉनची नळी सांगेल. "आहे" म्हणाली की मी सुटले. मेव्हला म्हटलं, "आजीच्या तोंडाला कोरड पडते, तू थुंक." ती खुदकन हसली आणि नळी भरली. वर नाव माझं घातलं. तुझी पाच वर्षं त्यात अडकली असतील हे डोक्यातही आलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा तू तुझ्या कामाला रडत होतीस आणि मी तिथे दुसरंच वाचत होते.

ते वाचल्यावर मी तिच्या खोलीत गेले. ती शाळेत होती. चादर उचलली. शिंपले होते. टोकदार, बारके, ओळीने लावलेले, पाठीच्या जागी. तिला हे कोणी शिकवलं नाही. तूही इथे कोणाला सांगितलं नव्हतंस. तुझं ते जूनमधलं पत्र मी लॉकलनला वाचून दाखवलं तेव्हा ती झोपायला गेली होती, आणि शिंपल्यांच्या खालच्या गादीवर डाग पडलेत ते जुने आहेत. दोन पोरींनी पंचवीस वर्षांच्या अंतराने माझ्याच घरात एकच युक्ती काढली. ती किटली मी ठेवत होते.

संध्याकाळी तिला विचारलं. म्हणाली, "आजी, बाबांना सांगू नकोस हं. मला आपोआप जाग येत नाही." जसं काही चोरी पकडली.

मेव्ह तीनला उठायला लागली तेव्हापासून, चार वर्षं, सिमोन सांगत होती, हिला झोपू द्या. आम्ही तिच्या कानातल्या बोळ्यांवर विनोद केले. आता तिला सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरांची तारीख मी जूनमध्येच घेतली आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं." लॉन्सेस्टनला, ३० ऑगस्टची. लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर त्याआधी मिळत नाहीत.

लॉकलन ऐकत नाही. त्याला नळी, जनुक काही सांगू नका म्हणतो. "माझी मुलगी आहे, माझ्यात आहे तर तिच्यात असणारच. नसेल तर मग काय म्हणायचं आहे तुला, आई?" आणि सिमोनकडे पाहिलं. मला सांगायला लाज वाटते, पण मीही एक रात्र तसंच पाहिलं होतं. हे खरं की खोटं ते तू लिही, त्याला वाचून दाखवेन. दांडा तो १७ तारखेला देणार म्हणजे देणार. सगळ्या बेटाला सांगून बसला आहे.

आणखी एक आहे. ते मला आधीच लिहायला हवं होतं, कीथ जिवंत असताना. करी गावच्या दवाखान्यात त्याच्या हाताला टाके घालत होते तेव्हा तो मला म्हणाला, "पोरीला डुलकी लागली असेल, पण मलाही लागली होती, डॉरी. दोघांत मोठा मी होतो." मी त्याला म्हटलं, हे बाहेर बोलू नकोस. ट्रेगरांच्या घरचा माणूस कामावर झोपतो, हे मला ऐकवलं नसतं. म्हणून सगळं तुझ्यावर राहिलं. तू त्या वर्षानंतर आली नाहीस आणि मला ते सोयीचंच वाटलं.

चार वर्षांची झोप परत देता येते का? तुझ्या माश्यांत येते का?

डॉरी

*

ब्रिस्बेन
५ ऑगस्ट २०१९

मावशी,

हे पत्र तीन तुकड्यांत आहे. पहिला लॉकलनला वाचून दाखव.

लॉकलन, हा बदल आईबापांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. माझ्या आईत आहे, माझ्यात नाही. मी माझी नळी पहिल्याच दिवशी तपासली होती. म्हणून मी नेलची मुलगी नाही का? सिमोनकडे पुन्हा तसं पाहिलंस तर बोटीने येऊन कान धरीन. तुला जन्मतःच चार तासांत भागतं, यात तुझं कर्तृत्व शून्य. मेव्ह रोज पहाटे जे करते ते तू एक दिवससुद्धा केलेलं नाहीस, कारण तुला ते कधी करावंच लागलं नाही. विंचच्या दांड्यावर चार-पाच श्वास म्हणजे किती दोर, ते तू मोज. मला येतं मोजता.

दुसरा सिमोनसाठी. ३० तारखेपर्यंत थांबायचं तर थांबा, पण थबकणं वाढलं, ती पडली किंवा अंग आखडलं तर त्याच क्षणी करीचा दवाखाना. तोवर शक्य तितकी झोप. हे थबकणं फक्त झोपेचं असेल असं मी म्हणत नाही. वेगळंही काही असू शकेल. झोप तुटली की तेही वाढतं. मी माश्यांची माणूस आहे, पोरांची नाही. डॉक्टरांना मात्र शिंपल्यांचं सांगायला विसरू नका.

तिसरा तुझा. मेव्हची नळी मला वर कळवावी लागली. लहान मुलीचा नमुना आईबापांना न विचारता तपासला गेला, ते चूक आहे, तुझी आणि आमचीही. निकाल पुसला जाईल. समितीपुढे जायचं आहे, काम दोन-तीन महिने थांबेल. सर चिडले, मग म्हणाले, "तुमची मावशी शास्त्रज्ञ व्हायला हवी होती." नवी नळी सोबत आहे. या वेळी तूच थुंक.

झोप परत मिळते का? माश्यांत सांगते. कोवळ्या वयात जागवलेल्यांना आम्ही पुढे मनसोक्त झोपू देतो. बऱ्याच सावरतात. काही नाही. कोणत्या सावरतील ते आधी कळत नाही. माणसाचं मला माहीत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही.

कीथकाकांचं वाक्य मी वाचलं, मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. अजून राग आला नाही. येईल. आला की लिहीन.

१७ तारखेला काय होतं ते कळेपर्यंत माझ्या जिवात जीव नाही.

ब्रॉन

*

पश्चिम किनारा, किंग आयलंड
१९ ऑगस्ट २०१९

ब्रॉन, पोरी,

आधी हे, म्हणजे तुझा श्वास मोकळा होईल: मेव्ह धडधाकट आहे. दोर कोणाच्याही हातावरून गेला नाही.

लॉकलनला तुझा तुकडा वाचून दाखवला. रात्री पाहिलं तर सिमोनची भांडी घासत होता. पण दांड्याचं म्हणाला, "शब्द दिलाय पोरीला. तिचं मन मोडू?" हेही काही खोटं नव्हतं. मेव्ह रोज दिवस मोजत होती.

सोळाच्या रात्री वारा सुटला. असा केल्प या हिवाळ्यात आला नव्हता, घरात बसून वास येत होता. मला कळलं, सकाळी काही झालं तरी हे लोक जाणार. मग सगळे झोपल्यावर मी शेडमध्ये गेले, विंचचा लोखंडी दांडा उपसला, आणि माझ्या अंथरुणात घेऊन निजले. बर्फासारखा गार. कीथच्या बाजूला ठेवला. नंतर मेव्हच्या खोलीत जाऊन तिच्या अंगाखालून एक एक शिंपला काढला. ती जागी झाली नाही. एकवीस होते.

तीनला लॉकलन घरभर फिरला. "आई, दांडा कुठाय?" म्हटलं, माझ्याजवळ आहे, आणि तुला हवा तर मला उचलून घ्यावा लागेल. तो दारात उभा राहिला. ओरडायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "हळू. ती झोपली आहे." आणि मग त्याला ते सांगितलं, त्याच्या बापाने टाके घालताना म्हटलेलं. लॉकलन तेव्हा बारा वर्षांचा होता. इतकी वर्षं त्यानेही तुलाच धरून ठेवलं होतं. पलंगाच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "बाबा गाडी चालवतानाही झोपायचे. मी बाजूला बसून गाणी म्हणायचो. मला वाटायचं, त्यांना गाणी आवडतात."

पाचला शेजारचे ट्रक आमच्या दारावरून गेले. सगळा ढीग त्यांनी उचलला. जाऊ दे.

मेव्ह साडेआठला उठली. उन्हात बाहेर आली, शेडचं दार पाहिलं, तिथे कोणाचंच नाव नव्हतं, आणि अशी रडली म्हणून सांगू. "मी ट्रेगर नाही ना, आजी? मला माहीतच होतं." वाढदिवसाच्या दिवशी पोर अशी रडते आणि कारण मी. तिला मांडीवर घेतलं, मावत नाही आता. म्हटलं, "नाहीस. तुझे कीथ आजोबाही नव्हते. तुझी झोप त्यांची आहे." तिने डोळे पुसून विचारलं, "आजोबा झोपायचे?" म्हटलं, "संधी मिळाली की. आम्ही देत नव्हतो."

मग ती गेली, खडू घेतला, आणि दारावर लिहिलं: मेव्ह, साडेआठ. त्याच्याखाली: कीथ आजोबा. थोडा विचार करून त्याखाली तुझं नाव घातलं, स्पेलिंग चुकलं आहे, तसंच ठेवलं आहे.

काल दुपारी ती पुन्हा थबकली. सहा श्वास मोजले. मला वाटलं होतं एका झोपेने जाईल, मूर्ख म्हातारी. ३० तारखेला आम्ही चौघंही लॉन्सेस्टनला जातो आहोत. नेल विमानतळावर येईल. भीती वाटते, ब्रॉन. ती लिहून कमी होत नाही.

माझी खरी थुंकी सोबत आहे. राग आला की लिही, मी वाट पाहते आहे.

आज मला तीनलाच जाग आली, ती काही जायची नाही. चूल पेटवली, किटली ठेवली आणि तिच्यासमोर उभी राहिले. पाणी तापायला लागलं, वाफ तोटीपाशी आली, आणि शिट्टी व्हायच्या आधी मी किटली उचलली. लॉकलन तेवढा आपसूक उठून आला, बाकी घरात कोणी हललं नाही. मेव्हच्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं म्हणे, लॉकलनने खुणेने सांगितलं. तू यायचीस तेव्हाही किटली हीच होती, गं. एवढंच तर करायचं होतं.

डॉरी मावशी